तिरपं नाव

त्या रविवारी बाबा तुमसरला एका राईस मिलच्या ट्रॉलीवर नाव रंगवत होते. शिरोरेघ नसलेली, जाड, उजवीकडे कललेली अक्षरं. परसराम पेंटरचा हात अर्ध्या भंडारा जिल्ह्यात त्या अक्षरांवरून ओळखला जाई. मी नागपूरहून आले होते आणि एकेका अक्षराचा फोटो काढत होते.

"काहून वं बाई, एवढे फोटो काढून राहिली?" बाबा म्हणाले. "माहा बी काढजो एखादा. पाठीकडून काढ, तोंडापेक्षा बरी दिसते."

आठवण म्हणून, असं मी सांगितलं.

खरं म्हणजे त्या अक्षरांचा मी फॉन्ट बनवला होता. शेवटची दोन-चार अक्षरं तेवढी सुधारायची होती. मी काम करते त्या डिझाइन ऑफिसच्या साइटवर तो महिन्यापूर्वीच चढला होता, बनवणारी म्हणून माझ्या नावाने. सांगणार होते. पण फ्लेक्सवाल्यांनी बाबांचं निम्मं काम नेलं होतं, आणि फॉन्ट वापरणार तेच. न सांगताच संध्याकाळच्या गाडीने परतले. सोमवारी सकाळी ब्रश धुता धुता बाबा गेले.

पुण्यानुमोदनासाठी चुलतभाऊ संघपालने फ्लेक्स छापून आणला. वर बाबांचा फोटो, खाली मधोमध "परसराम", बाबांच्याच अक्षरांत. फॉन्ट दुकानदाराने नेटवरून घेतला होता. आई बराच वेळ बघत राहिली.

"तिरपं काहून लिवलं? तिरपं गाडीले लिवते, जे पुढं चालते त्याले. गेलेल्या माणसाचं नाव तुहे बाबा उभंच लिवत."

"छापून झालं आता, मोठी माय," संघपाल म्हणाला.

फ्लेक्स ओसरीत लागला. दुसऱ्या सकाळी नाव मला मधोमध वाटलं नाही. बाबांची लोखंडी पट्टी लावली. उजव्या कडेपासून अकरा इंच. दुपारी नऊ. उन्हानं ताणलं असेल, असं संघपालचं म्हणणं. फोटो मात्र जागच्या जागी होता.

तिसऱ्या दिवशी म कडेला टेकला. चौथ्या दिवशी "परसरा" उरलं. तिथे पुसल्याची खूण नव्हती. आईने पाहिलं. पाण्याचा तांब्या दाराशी नेऊन ठेवला.

मी लॅपटॉपवर फॉन्ट उघडला. म ची चौकट रिकामी होती.

पाचव्या सकाळी "पर". ओसरीत ओल्या ऑइलपेंटचा वास होता.

दुपारी नुसता प.

मग तोही अर्धा.

मी त्यावर तळहात दाबला. फ्लेक्स थंड होता. अक्षर हाताखालून सरकत होतं, हळूहळू, कसलीच घाई नसल्यासारखं.

"थांबा जरासे, बाबा," मी मोठ्याने म्हणाले. "ते फोटो आठवणीसाठी नव्हते. अक्षरं सगळी तुमची घेतली अन् नाव माझं टाकलं. तुमाले विचारलं नाई. तुमचं नाव कुठंच लिवलं नाई."