हिरवी पट्टी

तो आवाज जरा कमी करा. बंद नको, कमी. त्या खेळात तुम्ही मघापासून ज्याच्यापासून लपताय ना, त्याच्यावरून एक आठवलं. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. नंतर कुणी मधेच हसलं की माझा धागा तुटतो.

माझ्या घड्याळाच्या दुकानाला लागून एकाचं दुकान होतं. कमी ऐकू येणाऱ्यांचे कान तपासायचे, श्रवणयंत्र बसवायचं, कुरकुरायला लागलं तर दुरुस्त करून द्यायचं. सगळी बाजारपेठ त्याला कानवाला म्हणायची. स्वतःचे कान इतके तिखट, की माझ्याकडचं एखादं घड्याळ अडखळायला लागलं तर भिंतीपलीकडून ओरडून सांगायचा. भुताखेतांवर विश्वास शून्य. संशय मात्र सगळ्या जगावर. गिऱ्हाईक म्हणालं, "मला डाव्या कानाने ऐकू येत नाही," तर हा आधी बघणार की बायको कुठल्या बाजूला बसलीय.

पुढचं सगळं त्यानंच मला सांगितलं. आणि तिखटमीठ लावून सांगणाऱ्यांतला तो नव्हे.

जानेवारीतला शुक्रवार. संध्याकाळी सातला त्याच्या थोरल्या बहिणीचा फोन आला. ताई नर्स होती, त्या आठवड्यात रात्रपाळी.

"दुकान बंद केलंस की घरी जाऊन ये जरा. तुझ्या भाचीच्या खेळाचा माइक बिघडलाय म्हणते."

"सोमवारी दुकानात घेऊन ये म्हणावं."

"माइकचं निमित्त आहे रे." ताईचा आवाज खाली आला. "बापलेकीत आठ दिवस बोलणं नाही. मी ड्यूटीवर. तू जा."

पावणेदहाला तो ताईच्या घरी पोचला. तिसऱ्या मजल्यावरचा भाड्याचा फ्लॅट, चार महिन्यांपूर्वी घेतलेला. हॉल, त्याला लागून स्वयंपाकघर, आणि हॉलच्या बरोबर समोर भाचीची खोली. दार दाजींनी उघडलं. दाजी विमा कंपनीत अपघाताचे दावे तपासायचे. समोरचा खोटं बोलतोय असं धरूनच चालायचं, ही त्यांची नोकरी. ती ऑफिसातच ठेवून यायची असते, हे त्यांना कधी जमलं नाही.

"माइक बघायला आलात?" दाजी म्हणाले. "बघा बघा. त्याच माइकवरून रात्रभर कुणाशी तरी बोलत असते."

"कोण?"

"तुमची भाची. दुसरं कोण? मी कानाने ऐकलंय. दार लोटलेलं, दिवा चालू, आणि आत कुजबुज. विचारलं तर म्हणते मी तोंडसुद्धा उघडलं नाही. दोन महिन्यांवर परीक्षा आलीय. मी ठरवलंय, सोमवारी सरळ आत्याकडे रवानगी. तिथून परीक्षा देऊ दे."

कानवाल्यानं मान डोलावली, म्हणजे पटलं म्हणून नव्हे. त्याच्या मनात आलं, हे रात्री दाराला कान लावून उभे राहतात तर.

आत भाची पलंगावर पाय पोटाशी घेऊन बसली होती. सतरा वर्षांची पोर, डोळ्यांखाली काळी वर्तुळं.

"मामा, दार नको लावूस. बाबांना वाटेल आपण काहीतरी शिजवतोय."

"मग काय शिजतंय?"

"काही नाही. तुला हा खेळ दाखवते, मग तूच सांग."

तिनं दाखवला. अंतराळात तरंगणारं एक ओसाड स्थानक. यंत्रं बंद पडलेली, माणसं मेलेली. उरलेली एकच, एक मेकॅनिक बाई, ती म्हणजे आपण. हातात हत्यार नाही. आणि त्या बोळांतून फिरणारं एक जनावर. त्याला डोळे जवळपास नाहीत, पण कान आहेत. लोखंडी कपाटात लपायचं आणि श्वास रोखून ते जायची वाट बघायची. एवढाच खेळ.

"यात माइक कशाला?" कानवाल्यानं विचारलं.

"माइक लावला की या खोलीतला खरा आवाज त्याला ऐकू येतो. मी इथे शिंकले की ते तिथे कपाटाशी हजर. ही कोपऱ्यातली हिरवी पट्टी बघ. खोलीत आवाज झाला की वर चढते."

"मग?"

"मी गप्प असते, मामा. तरी ती चढते." तिनं हॉलकडे बघितलं आणि आवाज बारीक केला. "मला वाटतं बाबा दारामागे उभे राहून काहीतरी करतात. मी घाबरून खेळ सोडावा म्हणून."

घ्या. बापाला लेकीचा संशय, लेकीला बापाचा. आणि कानवाल्याला दोघांचाही. पण आवाज हा त्याचा धंदा होता. इथं कोण खोटं बोलतंय ते दहा मिनिटांत काढतो, असं म्हणून त्यानं बाह्या सारल्या.

आधी खिडकी बंद केली. पंखा बंद. दोघांचे फोन बंद. हॉलमध्ये जाऊन दाजींना सांगितलं, "तुम्ही या खुर्चीतच बसा, दाराकडे तोंड करून. तुम्ही मला दिसले पाहिजेत आणि आम्ही तुम्हाला."

"म्हणजे संशय माझ्यावर?"

"सगळ्यांवर. माझ्यासकट."

दाजींनी चहाचा कप हातात घेतला आणि आरोपीसारखे ताठ बसले. खोलीचं दार सताड उघडं. दोन्हीकडे दिवे चालू. तेव्हा दहा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. त्यानं मुद्दाम बघून ठेवली होती वेळ, आणि घड्याळ माझ्या दुकानातलं होतं, त्यामुळे ती चूक असायची नाही.

भाचीनं मेकॅनिक बाईला कपाटात लपवलं. माइक पलंगावर ठेवला. कानवाला तिच्या शेजारी बसला आणि खाकरला. पट्टी टुणकन वर. दूरच्या बोळात जनावरानं मान वळवली. म्हणजे माइक ठीक होता.

मग दोघं गप्प बसले.

पट्टी खाली आली. शून्यावर. कानवाला भाचीला 'बघ, झालं' म्हणणार, तेवढ्यात...

ती वर चढली. हळूच. आणि उतरली.

पुन्हा चढली. उतरली.

यंत्रातल्या बिघाडाची खरखर त्याच्या ओळखीची होती. ती अशी ये-जा करत नाही. त्यानं भाचीकडे बघितलं, स्वतःच्या नाकावर बोट ठेवलं. दोघांनी श्वास रोखला. समोर दाजी कप धरून तसेच बसलेले, ओठ मिटलेले.

वर. खाली. वर. खाली.

कानवाल्यानं माइक उचलला. वायर चांगली लांब होती. खिडकीपाशी नेला. पट्टी मेली. कपाटाच्या दारापाशी नेला, आत अभ्यासाची पुस्तकं. काही नाही. पलंगाखाली धरला. काही नाही. उठून उंबऱ्यापाशी गेला. काहीच नाही.

पलंगाकडे परत आला तशी पट्टी जिवंत झाली.

तो बसला. माइक भाचीच्या तोंडाशी धरला. पट्टी उतरली. स्वतःच्या तोंडाशी धरला. उतरली.

मग त्यानं तो दोघांच्या मध्ये धरला.

पट्टी काठोकाठ भरली.

तेव्हा त्याच्या लक्षात आलं. पलंग एवढा मोठा. खेळ बघायला खरं तर तो तिला चिकटून बसायला हवा होता. पण दोघांच्या मध्ये एक हात जागा सोडलेली होती. कुणी ठरवून सोडली नव्हती. दोघंही आपोआप... सरकून बसले होते.

तो तिथून उठून पळाला नाही. ही त्याची हिंमत म्हणा किंवा खोड. त्यानं पिशवीतून आपली डबी काढली. बारीकातला बारीक आवाज मोठा करून ऐकवणारी, म्हाताऱ्या गिऱ्हाइकांसाठी ठेवलेली. हेडफोन कानाला लावले आणि डबीचं तोंड त्या मोकळ्या जागेकडे केलं.

आधी हॉलमधल्या फ्रिजची घरघर आली. मग भाचीचा श्वास, धापा टाकल्यासारखा. त्याचा स्वतःचा.

आणि तिसरा.

लहान. भ्यालेला. दात आवळून घेतलेला.

आणि मग शब्द. अगदी कानात. आवाज पोराचा की बाईचा, ते त्याला शेवटपर्यंत सांगता आलं नाही.

"हलू नका... तो दाराशी आलाय."

कानवाल्यानं दाराकडे बघितलं.

दारात कुणी नव्हतं. रिकामी चौकट. पलीकडे हॉल, दिवा, खुर्चीत दाजी.

दाजींच्या कपाळाला आठी पडली होती.

"अहो," ते तिकडून म्हणाले, "दिवा का घालवलात?"

दिवा चालू होता. लख्ख.

"ऐकू येतंय का? तुम्ही दिसत नाही मला. काळं झालंय सगळं."

हिरवी पट्टी शून्यावर गेली आणि तिथंच राहिली. मधल्या जागेतला श्वास... थांबला होता. रोखलेला.

पडद्यावर ते जनावर कपाटासमोर येऊन उभं होतं. पट्टी शून्यावर असतानाही.

भाचीनं मामाचं मनगट धरलं. नखं रुतली. तिला बापाला सांगायचं होतं, येऊ नका म्हणून. तोंड उघडलंही. आवाज फुटला नाही.

दाजी खुर्चीतून उठले. एक पाऊल. दुसरं.

थांबले.

कानवाल्याला त्यांचा चेहरा स्वच्छ दिसत होता. त्यावरचा राग उतरला. संशय उतरला. आणि मग रंगच उतरला. पुढे कितीतरी दिवसांनी दाजी त्याला एकदाच म्हणाले, काळोख नव्हता तो. पाठ होती. चौकट भरून. माझ्याकडे पाठ, आणि तोंड तुमच्याकडे.

सगळं घर गप्प.

एक मिनिट... कदाचित दोन...

दाजींनी हातातला कप वर उचलला आणि जिवाच्या आकांतानं स्वयंपाकघराकडे भिरकावला. कप फुटला. मग खुर्ची आपटली. मग टेबलावरचं तबक. आणि ओरडायला लागले, "इकडे! ए! इकडे बघ! इकडे!"

पट्टी उसळली. चौकटीतून वाऱ्यासारखं काहीतरी गेलं, वारा नसताना. हॉलमधला दिवा एकदा झाकोळला. स्वयंपाकघराचं दार धाडकन आपटलं आणि आतून ओट्यावरची भांडी एकेक करून खाली यायला लागली. सावकाश. कुणीतरी चाचपत फिरावं तशी.

"दिसलीस!" दाजी किंचाळले. "बाळा, पळ!"

तिघं अनवाणी जिने उतरले. दहा वाजून बावन्न मिनिटं.

ती रात्र त्यांनी ताईच्या इस्पितळाच्या व्हरांड्यात काढली, बाकावर. भाची बापाच्या खांद्यावर डोकं टाकून बसली होती. पहाटेकडे तिनं विचारलं, "बाबा, त्या खेळात असंच करायचं असतं. लांब काहीतरी फेकायचं, म्हणजे ते तिकडे जातं. तुम्हाला कसं माहीत?"

"मला कुठला खेळ माहीत?" दाजी म्हणाले. "ते तुझ्याकडे बघत होतं. ते माझ्याकडे वळावं, एवढंच सुचलं." मग म्हणाले, "आणि रात्रीची ती कुजबुज... तू नव्हतीस. चुकलं माझं."

रवानगीचा विषय पुन्हा निघाला नाही. शनिवारी भर दुपारी चार हमाल नेऊन सामान बाहेर काढलं. स्वयंपाकघरात एकही भांडं सरळ नव्हतं, सगळी उपडी. घरमालकानं कारण विचारलं नाही, की अडवलंही नाही. किल्ली घेतली आणि मान खाली घालून गेला. दुसरीकडे जागा मिळेपर्यंत मंडळी कानवाल्याकडेच राहिली. भाची परीक्षेला बसली, चांगली पास झाली. त्या फ्लॅटमध्ये पुढं कोण राहायला आलं, मी चौकशी केली नाही.

पण गोष्ट इथं संपत नाही. संपली असती तर मी म्हटलं असतं, तिघं घाबरले होते, कानाचे भास होतात.

सोमवारी सकाळी नऊला कानवाल्यानं दुकान उघडलं. त्याच्याकडे कान तपासायची एक बंद खोली होती. कपाटापेक्षा थोडी मोठी, भिंतींना जाड अस्तर, दार लावलं की बाहेरचा आवाज आत नाही, आतला बाहेर नाही. गिऱ्हाईक आत बसायचं. बाहेरून एकेक सूर सोडायचा, प्रत्येक वेळी आधीपेक्षा बारीक. ऐकू आला की आतल्यानं बटण दाबायचं, बाहेर दिवा लागायचा, आणि यंत्र कागदावर खूण करायचं. आठवड्याच्या सुरुवातीला तो खोली रिकामी ठेवून यंत्र एकदा चालवून बघायचा. नेहमीचा रिवाज.

त्यानं आत डोकावून बघितलं. रिकामी खुर्ची. दार लावलं. पहिला सूर सोडला.

दिवा लागला.

सव्वानऊला तो माझ्याकडे आला. कागद माझ्यासमोर ठेवला आणि स्टुलावर बसला. नावाची जागा कोरी. वयाची जागा कोरी. खाली प्रत्येक सुरापुढं खूण. एकही चुकलेला नाही. जो सूर त्या तिखट कानाच्या माणसालासुद्धा कधी ऐकू आला नव्हता, त्याच्यापुढंसुद्धा.

तो कागद अजून माझ्या कपाटात आहे.