पाच आरशांचं ऊन

किरण बाहेरून आत जाणार. गाठ आत, डोक्याच्या मागच्या भागात. मग वाटेत जे चांगलं डोकं आहे, त्याचं काय होणार?

मैथिलीने हा प्रश्न आईला विचारला तेव्हा आई म्हणाली, "थांब, दूध उतू जाईल," आणि स्वयंपाकघरात निघून गेली. शेगडीवर दूध नव्हतंच, हे मैथिलीला बसल्या जागेवरून दिसत होतं. बाबांना विचारलं, तर ते चष्मा पुसत म्हणाले, "डॉक्टरांना सगळं माहीत असतं, बाळा." पण चष्मा आधीच स्वच्छ होता.

मोठी माणसं प्रश्न टाळायला लागली की समजावं, उत्तर वाईट आहे. मैथिली दहा वर्षांची होती आणि एवढं तिला नक्की कळत होतं.

तासगावच्या बाहेर, द्राक्षबागांच्या मधोमध त्यांचं घर होतं. आता सगळ्या बागांवर पारदर्शक छत असायचं. तेच द्राक्षांना गारपिटीपासून वाचवायचं आणि तेच वीजही तयार करायचं. दिवाळीच्या आधी मैथिलीला रोज सकाळी उलट्या व्हायला लागल्या आणि सरळ वाटेवर तिचा तोल जाऊ लागला, तेव्हा सगळ्यांना वाटलं, अपचन असेल. ते अपचन नव्हतं. शस्त्रक्रिया झाली, बरीचशी गाठ निघाली. पण बोराएवढा तुकडा नाजूक जागी चिकटून राहिला होता. तिथे सुरी नेणं धोक्याचं होतं. म्हणून मिरजेच्या कर्करोग उपचार केंद्रात किरणोपचार (न दिसणाऱ्या, जोरकस किरणांनी गाठ नष्ट करण्याची पद्धत) करायचं ठरलं. सहा आठवडे, शनिवार-रविवार सोडून रोज.

उपचार सुरू होण्याआधी केंद्राकडून घरी एक यंत्रमानव आला. उंचीला मैथिलीएवढा, फिकट हिरवा, वर निमुळता आणि खाली फुगीर.

"माझं नाव केंद्राने वेगळं ठेवलं होतं," तो म्हणाला, "पण आधीच्या मुलांनी ते बदलून दुध्या केलं. मला चालतं."

मैथिलीला हसू आलं नाही. तिने विचारलं, "तू कशाला आलास?"

"तुझी तयारी करून घ्यायला. केंद्रात गेल्यावर काय दिसेल, काय ऐकू येईल, ते आधी इथे करून बघायचं. आणि एक सांगून ठेवतो. मला खोटं बोलता येत नाही. कुणी सांगितलं तरी."

हे ऐकून आईने बाबांकडे पाहिलं.

दुध्याने पोटातला कप्पा उघडून एक पांढरी जाळी काढली. गरम पाण्यात ती मऊ झाली. मग त्याने ती मैथिलीच्या चेहऱ्यावर अलगद पसरली आणि थोड्या वेळात ती गार होऊन कडक झाली. नाक, हनुवटी, कपाळ, सगळ्याचा हुबेहूब ठसा. श्वास घ्यायला भरपूर भोकं होती.

"हा मुखवटा. केंद्रात तुझ्यासाठी असाच बनवतील आणि तो खालच्या पलंगाला अडकवतील. म्हणजे डोकं हलणार नाही. आज फक्त थोडा वेळ निजून बघू."

मैथिली निजली. दुध्याने मुखवट्याच्या कडा तिच्या डोक्याखालच्या फळीला अडकवल्या. टक, टक, टक. तिसऱ्या आवाजाला तिच्या छातीत काहीतरी उसळलं. तिला मान वळवायची नव्हती, पण वळवता येत नाही म्हटल्यावर वळवायचीच होती. तिने दोन्ही हातांनी जाळी ओरबाडली. दुध्याने झटकन कडा सोडल्या. मुखवटा कोपऱ्यात जाऊन पडला आणि मैथिली भिंतीला पाठ लावून रडत राहिली.

"मी जाणार नाही," ती म्हणाली. "मला बांधून ठेवतील आणि माझं डोकं भाजेल."

रात्री आईबाबा दबक्या आवाजात बोलत होते. रोज भुलीचं औषध देऊन झोपवूनही उपचार करता येतात. पण मग रोज उपाशी राहायचं, रोज गुंगी. आधीच पोरीचं वजन उतरलंय. दुध्या म्हणाला होता की त्यात कमीपणा काही नाही, कितीतरी मुलं तसंच करतात. तरी आई हुंदके आवरत होती.

दुसऱ्या दिवशी ऋचाआत्या आली. बाबांची थोरली बहीण. ती पुण्यात भौतिकशास्त्रज्ञ (पदार्थ, ऊर्जा आणि प्रकाश यांचा अभ्यास करणारी) होती. आली तशी मैथिलीच्या खाटेवर बसली.

"काय गं, ऐकलं की तुझ्याकडे एक प्रश्न आहे आणि घरात सगळे त्याला घाबरतात?"

मैथिलीने प्रश्न सांगितला. आत्याने तो शांतपणे ऐकून घेतला.

"हा प्रश्न चांगला आहे. तो पहिल्यांदा ज्यांना पडला, त्यांनाही त्याने खूप वर्षं झोपू दिलं नाही. चल गच्चीवर. घरात आरसे किती आहेत?"

पाच निघाले. त्यातला एक बाबांचा दाढीचा. थंडीमुळे खोबरेल तेल थिजून पांढरं झालं होतं. आत्याने ते चिनी मातीच्या बशीत लोण्यासारखं पसरवलं आणि बशी पाण्याच्या टाकीच्या सावलीत ठेवली.

"ही बशी म्हणजे तुझं डोकं. मधोमध हा मोहरीचा दाणा टोचलाय, ती गाठ. तेल वितळवायचं ते फक्त दाण्याभोवतीचं. बाकीचं पांढरंच राहिलं पाहिजे. आरशात थेट कुणी बघू नका, डोळ्यांना इजा होईल."

आधी आत्याने एकच आरसा उन्हात धरून कवडसा दाण्यावर पाडला. त्या उजेडाच्या वाटेत मैथिलीने हात धरला. हाताला जेमतेम ऊब लागली. तेल तसंच राहिलं.

"हा एक किरण. वाटेतल्या तुझ्या हाताला त्याने काय केलं?"

"काही नाही. थोडं कोमट लागलं."

"आता सगळे या."

आई, बाबा, दुध्या, आत्या, प्रत्येकजण गच्चीच्या वेगळ्या बाजूला उभा राहिला. पाचवा आरसा विटांना टेकवला. एकामागून एक कवडसे सरकत आले आणि दाण्यावर एकत्र झाले. त्यातला एक सारखा थरथरत होता. मैथिलीने मान वर करून पाहिलं. तो आईचा होता. आईने कोपर टाकीला टेकवलं, ओठ घट्ट मिटले, आणि कवडसा स्थिरावला.

बघता बघता दाण्याभोवतीचं तेल आधी ओलसर दिसू लागलं, मग चमकलं, मग पाण्यासारखं स्वच्छ झालं. बशीच्या कडेला मात्र ते पांढरं, घट्ट होतं.

मैथिली बराच वेळ बघत राहिली. मग तिने आईच्या उजेडाच्या वाटेत हात धरला. कोमट. बाबांच्या वाटेत धरला. कोमट. दाण्यावर धरला आणि थोड्याच वेळात मागे घेतला.

"वाटेत एकेकटे असतात," ती सावकाश म्हणाली. "सगळे भेटतात फक्त गाठीपाशी."

"बरोबर. केंद्रातलं यंत्र तुझ्याभोवती फिरतं आणि वेगवेगळ्या बाजूंनी किरण सोडतं. आता बशी जरा सरकव बरं."

मैथिलीने बशी बोटभर सरकवली. कवडसे होते तिथेच राहिले. दाणा सावलीत गेला आणि शेजारचं चांगलं पांढरं तेल वितळू लागलं.

तिने घाईघाईने बशी पुन्हा जागेवर आणली. "म्हणून मुखवटा."

"म्हणून मुखवटा," आत्या म्हणाली.

"पण वाटेत थोडं कोमट तर लागतंच. म्हणजे थोडं तरी होतंच ना?"

आत्याने आरसा खाली ठेवला. "होतं. तेही खोटं सांगणार नाही. आपलं शरीर पेशींचं (डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवंत कणांचं) बनलेलं असतं. किरणांनी पेशींना इजा होते. पण चांगल्या पेशींना स्वतःची डागडुजी चांगली करता येते. दुसऱ्या दिवसापर्यंत त्या बऱ्याचशा सावरतात. गाठीच्या पेशींना नुसतं वाढायची घाई, डागडुजीत त्या कच्च्या. म्हणून सगळं एका दिवसात उरकत नाहीत. रोज थोडंच द्यायचं. चांगल्यांना सावरायला वेळ मिळतो, वाईट दिवसेंदिवस खचत जातात. तरी तुला दमायला होईल. मागचे थोडे केसही जातील."

"आणि ते किरण माझ्यातच राहिले तर? आई माझ्याजवळ निजली तर तिला लागतील?"

याचं उत्तर दुध्याने दिलं. "दिवा बंद केल्यावर खोलीत उजेड उरतो का? तसंच. यंत्र बंद झालं की किरण संपले. आईजवळ खुशाल नीज."

खाली बागेत पाण्याची मोटार सुरू झाली आणि बंद पडली. मग मैथिलीने आत्याकडे न बघता विचारलं, "पुरेल का? एवढ्याने गाठ जाईल?"

आई पुढे झाली, काहीतरी गोड बोलायला. मग ती दुध्याकडे बघून थांबली.

"मला माहीत नाही," दुध्या म्हणाला. "कुणालाच आज माहीत नाही. अशी गाठ असलेली बरीच मुलं या उपचाराने बरी होतात, म्हणूनच डॉक्टरांनी हा निवडला. तुझं काय होईल, ते उपचारांनंतर तपासून कळेल."

आईने मैथिलीला कुशीत ओढलं. "मलाही भीती वाटते," ती म्हणाली. "त्या दिवशी दूध नव्हतं शेगडीवर."

"मला दिसलं होतं," मैथिली म्हणाली.

संध्याकाळी तिने स्वतःच कोपऱ्यातला मुखवटा उचलून आणला.

"मी हात वर केला तर काढशील?"

"लगेच."

टक, टक, टक. तिने ताबडतोब हात वर केला. दुध्याने कडा सोडल्या. पुन्हा लावला, पुन्हा हात वर. पुन्हा सोडल्या. असं किती वेळा झालं कुणास ठाऊक. बाबा जेवायला बोलवायला आले आणि दारातच उभे राहिले. दुध्या एकदाही म्हणाला नाही, 'आता पुरे.' प्रत्येक वेळी त्याने तितक्याच तत्परतेने कडा सोडल्या. शेवटी एकदा कडा लागल्या आणि हात वर झाला नाही. आत्याने पुण्याहून येतानाचा गमतीचा किस्सा सांगायला घेतला, तो संपला, तरी हात खालीच होता.

उपचाराच्या पहिल्या दिवशी चालकाविना गाडी त्यांना आणि दुध्याला मिरजेला घेऊन गेली. केंद्रात तंत्रज्ञ (यंत्र चालवणाऱ्या) रुबीनाताईंनी मैथिलीला यंत्र दाखवलं. ते सांगितल्यापेक्षा मोठं होतं. दुध्याला ती तसं म्हणाली, आणि त्याने मान्य केलं की मोजमाप सांगण्यात तो कमी पडला.

"किरण चालू असताना खोलीत मी एकटीच?" तिला हे माहीत होतं, तरी तिने विचारलं.

"एकटीच. पण पडद्यावर आम्ही सगळे तुला बघतोय आणि तुझं ऐकतोय," रुबीनाताई म्हणाल्या.

टक, टक, टक. जाड दार हळूहळू मिटलं. यंत्र गुरगुरत फिरायला लागलं. मैथिलीच्या छातीत तेच जुनं उसळू लागलं. तिने हात वर केला.

यंत्र थांबलं. दार उघडलं. रुबीनाताई धावत आल्या. "काय झालं? काढू का?"

जाळीखालून मैथिलीने खोल श्वास घेतला. "नको. तुम्हीही थांबवता का, ते बघायचं होतं."

रुबीनाताई तिचा हात दाबून बाहेर गेल्या. यंत्र पुन्हा फिरू लागलं. काही दिसलं नाही, काही टोचलं नाही. मैथिली डोळे मिटून, एकेका बाजूने येणारा आवाज ऐकत, निश्चल पडून राहिली.

बाहेर आल्यावर तिच्या गालांवर जाळीची नक्षी उमटली होती. आई तिला धरून खुर्चीत बसली. मैथिलीने रुबीनाताईंना विचारलं, "मी हलले तर यंत्रच माझ्यामागे का नाही हलत? मग मुखवटा लागणारच नाही."

"थोडंफार जमतं आता. डोक्याच्या बाबतीत मात्र अजून इतकं अचूक नाही जमत. शोधताहेत लोक."

"अडचण काय आहे त्यात?"

रुबीनाताईंनी घड्याळाकडे पाहिलं. पुढचा रुग्ण दाराशी आला होता. "ते सांगायला वेळ लागेल गं."

"चालेल," मैथिली म्हणाली. "मी उद्या येणारच आहे. रोज थोडं थोडं सांगा."