पडद्यामागची जागा

कोल्हारच्या जत्रेत तंबूतला सिनेमा आला, तशी मनकर्णा थोरल्या जावेबरोबर, रंगुबाईबरोबर, दिवेलागणीचा खेळ बघायला गेली. कडेवर दहा महिन्यांची कडूबाई. आधीची दोन लेकरं गेली, म्हणून हिचं नाव कडू. काळालासुद्धा गोड लागू नये. निघताना मनकर्णानं तिच्या डाव्या गालावर ठसठशीत तीट लावली होती.

पुढं ही गर्दी, म्हणून दोघी पडद्यामागं बसल्या. तिथून सगळंच उलटं दिसे. अक्षरं उलटी, माणसं डावखुरी.

अन् सिनेमा तरी काय! एक जादूगार बोट नाचवून माणसांची मनं ताब्यात घेई, मग त्याचा राक्षस त्यांना उचलून नेई. राक्षस म्हणजे घोंगडी पांघरलेला कुणी रिकामटेकडा. काखेत उसवलेला, पायांत चक्क चपला.

"आक्का, चपला बघा मेल्याच्या!" मनकर्णा फिसकन हसली. "ह्याच्यापरीस आपलं मामंजी झोपंतून उठल्यावर भेसूर दिसत्यात."

"गप गं, मला भ्या वाटतंय."

"कशाचं? घोंगडीचं?"

जादूगारानं बोट रोखलं. नेमकं यांच्याकडं.

"ये... माझ्याकडं ये..."

तेवढ्यात फीत तुटली. मिट्ट काळोख. जळका वास, आणि त्यात ओल्या लोकरीचा. मनकर्णाची मांडी एकदम हलकी झाली.

"आक्का... कडू तुमच्याकडं हाय?"

"न्हाई गं..."

बत्ती आली तेव्हा पोर पडद्याला टेकून उभी होती. अजून धड रांगतही नव्हती ती.

घरी कंदिलापुढं बघितलं, तर तीट उजव्या गालावर. डावा गाल कोरा; पुसल्याची रेघही नाही.

"धांदलीत मीच चुकले असंन. भिकार सिनेमा अन् भिकार माझं डोकं!" ती स्वतःवरच खेकसली. तरी मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्याच. मिरच्या जळाल्या, ठसका कुणालाच लागला नाही.

दुसऱ्या दिवशी रंगुबाई माहेरच्या पाहुणीला सिनेमा दाखवून आली, ती उंबऱ्यातच थबकली.

"मने, काल राक्षसाच्या कडेवर पोर हुतं का गं?"

"न्हवतं. का?"

"आज हाय... लई रडतंय. हात पसरतंय..." तिची नजर पाळण्याकडं गेली. "डाव्या गालाला तीट हाय."

पाळण्यातली पोर रडत नव्हती. एक बोट हवेत नाचवत मनकर्णाकडं बघत होती.

मनकर्णाला हसून उडवून लावायचं होतं. पण तिचे पाय आपोआप पाळण्याकडं निघाले.