दोन लग्नांचा दत्ताराम

"आमचं लग्न पुढच्या महिन्यात आहे," प्राची म्हणाली, "आणि ते होऊ शकतं की नाही, हे तुम्ही आम्हाला सांगायचं आहे."

दीपक मोंडकरांनी चहाचा कप खाली ठेवला. लग्नाआधीच्या चौकशीसाठी ठाकूरद्वारच्या त्या पहिल्या मजल्यावरच्या खोलीत येणारी माणसं त्यांना नवी नव्हती. त्यांची मावसबहीण अपेक्षा तळवडेकर बरीच वर्षं खासगी तपासाचा व्यवसाय करत होती, आणि बँकेतून निवृत्त झाल्यापासून दीपकराव तिच्या सोबतीला येऊन बसत. पण एरवी मुलीचे वडील येत, नाहीतर मुलाचा मामा. नवरा-नवरी जोडीनं आलेली त्यांनी पहिल्यांदाच पाहिली.

"सविस्तर सांगा," अपेक्षा म्हणाली.

प्राची खानविलकर आणि वैभव येलवे एकाच ऑफिसात होते. ती मराठा, तो बौद्ध. दोन्ही घरं राजी व्हायला दोन वर्षं गेली होती.

"माझे बाबा करोनात गेले," प्राची म्हणाली. "काका, मामा सगळे नाहीच म्हणत होते. एकटी सुभद्राआत्या माझ्या बाजूनं उभी राहिली. वैभवचं आडनाव, गाव ऐकलं आणि म्हणाली, मुलगा चांगल्या घरचा आहे, हे लग्न मी लावून देणार. सगळ्यांशी भांडली ती."

"मग अडलं कुठे?"

"मंडपाच्या दारात दोन्ही घरांचा वंशवृक्ष लावायची माझी हौस," वैभव कसनुसं हसला. "आजी-आजोबांच्या लग्नांच्या नोंदी काढल्या. या बघा."

अपेक्षानं दोन्ही नकला दीपकरावांकडे सरकवल्या. "दादा, मोठ्यानं वाच."

दीपकरावांनी चष्मा लावला. "पहिली, एकोणीसशे पंचावन्न. वर दत्ताराम शिवा खानविलकर, गोदी कामगार, राहणार काळाचौकी. वधू लक्ष्मी बाळकृष्ण राणे. खाली वराची सही. अक्षर काय सुंदर आहे!"

"हे माझे आजोबा आणि आजी," प्राची म्हणाली.

"दुसरी. लग्न सतरा मार्च सत्तावन्न, नोंद जुलैमध्ये. वर दत्ताराम शिवा खानविलकर..." दीपकराव थबकले. "गिरणी कामगार, साचेखातं. पत्ता तोच, खोलीसुद्धा तीच. वधू मालन सोनू पवार. वराच्या सहीच्या जागी अंगठा. साक्षीदार लक्ष्मी बाळकृष्ण राणे."

"मालन माझी आजी," वैभव म्हणाला. "गुहागरची. तिच्या नावावरूनच ही नोंद सापडली. पण माझे आजोबा बुधाजी येलवे! आणि पप्पांचा जन्म त्याच वर्षी डिसेंबरमधला."

वैभवच्या वडिलांचे वडील दत्ताराम असतील, तर समोर बसलेली ही दोघं चुलत भावंडं होती.

"तुम्ही डीएनए टेस्ट का करत नाही?" दीपकरावांनी विचारलं.

"करू. पण त्यात फक्त हो की नाही ते कळेल. आजीनं काय केलं आणि का, ते नाही कळणार. पप्पांचा त्यांच्या वडिलांवर फार जीव. त्यांना अर्धवट काही सांगायची माझी हिंमत नाही."

"त्या काळातलं माहीत असणारं कोण उरलंय?"

"माझी आत्या," प्राची म्हणाली.

"आणि माझे पप्पा," वैभव म्हणाला.

---

सुभद्राबाई लालबागला मुलाकडे राहत. सत्तरीला टेकलेल्या, अंगानं किरकोळ, आवाजानं खणखणीत. प्राचीनं अपेक्षाची ओळख वंशवृक्ष तयार करून देणारी बाई अशी करून दिली होती.

"बाबांबद्दल काय सांगू बाय?" त्यांनी लाडूंची बशी पुढे केली. "चौथी शिकलेले. पण चाळीत पेपर यायचा तो बाबा मोठ्यानं वाचायचे आणि बाकीचे ऐकायचे. कुणाचं पत्र लिहायचं असलं की आमच्याच दारात."

"गिरणीत होते ना?"

"लग्नाआधी होते थोडे दिवस. छातीत कापूस बसला, खोकून खोकून बेजार. मग गोदीत लागले ते अखेरपर्यंत."

"गावी जायचे?"

"लांज्याला. गणपतीला एक वेळ चुकायचे, शिमग्याला कधी नाही. पालखीला पहिला खांदा खानविलकरांचा, आणि घरात तेव्हा बाबा एकटेच मोठे पुरुष. शिमगा सरल्याशिवाय मुंबईला पाय लागायचा नाही त्यांचा."

अपेक्षानं लाडवाचा तुकडा मोडला. "आत्याबाई, मालन हे नाव कधी ऐकलंत?"

सुभद्राबाईंचा हात पदराशी गेला. "मालन? नाही बाई. गुहागरच्या कुणा मालनला मी नाही ओळखत." आणि त्या चहा टाकायला आत गेल्या, त्या चांगल्या दहा मिनिटांनी बाहेर आल्या.

जिना उतरताना दीपकराव कुजबुजले, "बाई काहीतरी लपवतायत."

"लपवतायत, पण त्यांना लपवता येत नाही," अपेक्षा म्हणाली आणि टॅक्सीला हात केला.

---

प्रफुल्ल येलवे परळला राहत. पालिकेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. खोलीत पुस्तकांच्या रांगा, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि तिच्या खाली आईवडिलांचा जोडफोटो.

"माझे वडील साचेवाले होते, मागावर कापड विणणारे," ते ताठ बसून म्हणाले. "याचा अर्थ तुम्हाला कळतो का, माहीत नाही. धोट्यात सुताची नवी कांडी घातली की धागा तोंडानं ओढून बाहेर काढायचा. आमच्या माणसाचं तोंड लागलेला धोटा इतरांनी कसा तोंडाला लावायचा? म्हणून साचेखात्यात आमच्या लोकांना उभं करत नसत. कायदे झाले तरी खात्यातली माणसं बदलली नव्हती. पण माझ्या वडिलांना घेतलं. हातच तसा होता त्यांचा."

"घरी कसे होते?"

"कडक. मी लहानपणी डबा घेऊन गिरणीवर जायचो. वडिलांची सक्त ताकीद होती, गेटवर कुणाला माझं नाव विचारायचं नाही. समोरच्या पिंपळाखाली उभं राहायचं, मी येईन. एकदा विचारायला गेलो, तेवढ्यात तेच बाहेर आले, आणि घरी आल्यावर मार खाल्ला. का, ते आजवर कळलं नाही."

"शिकलेले होते?"

"नाही. पण पुढे सही करायचे. मी दुसरीत होतो, मीच शिकवली." ते पहिल्यांदा हसले. "पाटीवर माझा हात त्यांच्या हातावर ठेवून. 'येलवे'तला ये त्यांना कधी जमला नाही."

हसू मावळलं. त्यांनी अपेक्षाकडे रोखून पाहिलं. "मॅडम, मी चाळीस वर्षं मुलांचे चेहरे वाचले आहेत. वैभव जेवत नाही, प्राची फोनवर रडते. वंशवृक्षासाठी माणूस माझे वडील शिकलेले होते का, हे विचारत नाही. माझ्या आईबद्दल काही निघालंय का?"

दीपकरावांना कुठे पाहावं कळेना.

"निघालंय," अपेक्षा म्हणाली. "पण सर, तुमची मान खाली जाईल असं काही नाही. रविवारी सकाळी आम्ही इथेच येतो. सगळे एकत्र बसू."

---

"मला विचारशील तर सरळ आहे," परतीच्या वाटेवर दीपकराव म्हणाले. "दत्तारामनं चोरून दुसरं लग्न केलं. लक्ष्मीनं बिचारीनं सवत पत्करली. पुढे त्यानं मालनला सोडलं, आणि बुधाजीनं तिला पोरासकट पदरात घेतलं. देवमाणूस!"

"आणि सही? पंचावन्नला सुंदर अक्षरात सही करणारा सत्तावन्नला अंगठा का देईल?"

"गोदीत हाताला लागलं असेल."

"बरं. आणि सवत नोंदवायला सरकारी कचेरीत पहिली बायको हौसेनं गेली? साक्षीला? तेही माहेरचं नाव सांगून?"

दीपकरावांनी डोकं खाजवलं. रविवारपर्यंत ते खाजवतच राहिले.

---

रविवारी परळच्या त्या खोलीत सहा माणसं बसली. सुभद्राबाई प्राचीच्या शेजारी, पदर घट्ट धरून. अपेक्षानं दोन्ही नकला प्रफुल्लसरांच्या हाती दिल्या. त्यांनी त्या वाचल्या, पुन्हा वाचल्या.

"म्हणजे मी..."

"तुम्ही बुधाजी येलव्यांचाच मुलगा आहात," अपेक्षा म्हणाली. "ते आधी सांगते, म्हणजे बाकीचं शांतपणे ऐकाल. सतरा मार्च सत्तावन्न. मी पंचांग काढून पाहिलं. होळी नुकतीच झाली होती. कोकणात ऐन शिमगा. शिमगा सरल्याशिवाय दत्ताराम मुंबईला परतत नसत. त्या दिवशी ते लांज्यात पालखीखाली होते, मुंबईत बोहल्यावर नव्हते. मग नवरा कोण होता?"

प्रफुल्लसरांनी दुसरी नक्कल पुन्हा डोळ्यांजवळ नेली.

"कागदावरचा नवरा गिरणीत साचेखात्यात आहे. दत्तारामनी गिरणी लग्नाआधीच सोडलेली, ते गोदीत. कागदावरचा नवरा अंगठा देतो. दत्ताराम चाळीची पत्रं लिहीत. म्हणजे नाव आणि पत्ता दत्तारामचा, पण माणूस दुसरा. साच्यावर काम करणारा, सही न येणारा, आणि मालनचा नवरा. सर, असा माणूस कोण, ते तुम्हीच आम्हाला सांगितलंत."

प्रफुल्लसरांनी भिंतीवरच्या जोडफोटोकडे पाहिलं.

"दत्ताराम आजारी पडून गिरणीतून निघाले, तेव्हा त्यांचं नाव आणि पास बुधाजींनी घेतला. खात्यात बुधाजी येलवे म्हणून त्यांना कुणी उभं केलं नसतं. दत्ताराम खानविलकर म्हणून केलं. म्हणून गेटवर बापाचं नाव विचारायची मुलाला बंदी. तुम्ही 'येलवे' म्हणाला असतात, तर असा माणूसच इथे नाही म्हणाले असते, आणि बिंग फुटलं असतं."

"पण लग्नाच्या नोंदीत खोटं नाव कशाला?" वैभवनं विचारलं.

"नोंद कधी झाली? जुलैत. मूल डिसेंबरात. मालनला तेव्हा दिवस गेलेले होते. गिरणीच्या दवाखान्यात कामगाराच्या बायकोला औषधपाणी मिळायचं असेल, तर लग्नाचा कागद लागणार. आणि गिरणीला बुधाजी नावाचा माणूस माहीतच नव्हता. हा माझा अंदाज आहे, बरं का."

"आणि साक्षीला लक्ष्मी?" दीपकरावांना राहवेना.

"दादा, दत्ताराम स्वतः साक्षीदार कसा होणार? त्याचं नाव आधीच वर लिहिलेलं! म्हणून त्याची बायको गेली. तिनं सासरचं नाव लावलं असतं, तर त्यात दत्ताराम आलाच असता, आणि कारकुनानं विचारलं असतं, या नवऱ्याच्या तुम्ही कोण? म्हणून माहेरचं."

दीपकरावांनी कपाळावर हात मारून घेतला.

"तरीही हा सगळा तर्कच आहे," प्राची हळूच म्हणाली.

"आहे. म्हणून शेवटचा मुद्दा." अपेक्षा सुभद्राबाईंकडे वळली. "आत्याबाई, मी तुम्हाला नुसतं मालन म्हटलं. गुहागर तुम्ही म्हणालात. म्हणजे मालन कोण, ते तुम्हाला माहीत होतं. आणि येलवे हे आडनाव ऐकताच सगळ्या घराशी भांडून तुम्हीच हे लग्न ठरवलंत. मालनचा मुलगा तुमच्या वडिलांचा असता, तर तुम्ही सख्ख्या भाचीला त्याच्या घरात दिली असती?"

सुभद्राबाईंचा पदर सुटला. त्या रडत नव्हत्या. कित्येक वर्षांचं ओझं उतरवलेल्या माणसासारखा त्यांनी लांब श्वास सोडला.

"आईनं शपथ घातली होती. बाहेर फुटलं तर दोघांवर खटला होईल, म्हणायची. दोघंही गेले, गिरणी गेली, पण तोंड उघडायची सवयच नव्हती राहिली. आई सांगायची, मालनमावशीला तेव्हा सारखा ताप यायचा, अंगात रक्त नाही. आई म्हणाली, पोर जगलं पाहिजे, कागदाचं काय ते मी बघते. बाबांना ती विचारायलासुद्धा थांबली नाही." त्या प्राचीकडे वळल्या. "तुला सांगायला हवं होतं गो. पण कागद हुडकून काढाल, हे मेलं माझ्या ध्यानीमनी नाही."

प्राचीनं त्यांना मिठी मारली. वैभव खिडकीशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. त्याचे खांदे हलताना दीपकरावांना दिसले.

प्रफुल्लसर सावकाश म्हणाले, "आयुष्यभर मी शाळेत अभिमानानं सांगितलं, की माझ्या वडिलांना त्यांच्या हातासाठी साच्यावर घेतलं. ते नावासाठी घेतलं होतं."

"नावासाठी दारातून आत घेतलं असेल," सुभद्राबाई ताडकन म्हणाल्या. "पंचवीस वर्षं उभे राहिले ते हाताच्या जोरावर. बाबा म्हणायचे, मी नाव दिलं ते खोकणाऱ्या माणसाचं. बुधानं त्याला कारागिराचं करून दाखवलं."

प्रफुल्लसरांनी चष्मा काढला. खुर्ची ओढून ते त्यांच्या अगदी जवळ येऊन बसले.

"ताई, ते यायचे तुमच्याकडे?"

"बुधाकाका? दर रविवारी. आमच्याच ताटात जेवायचे. चाळीतले लोक कुजबुजायचे, आई दार सताड उघडं ठेवायची. बघू दे म्हणायची."

"हसायचे का हो तिथे? घरी फार कमी."

"हसायचे? अरे, खालच्या मजल्यावरची माणसं वर येऊन विचारायची, काय झालं म्हणून! बाबांची नक्कल करायचे काका. पेपर वाचताना बाबा मान कशी वेळावतात, चष्मा कसा नाकावर ओढतात..."

बोलता बोलता त्यांनी ती मान वेळावून दाखवली. प्रफुल्लसरांना हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. ते त्यांनी पुसले नाहीत.

"सांगा," ते म्हणाले. "आठवेल ते सगळं सांगा, ताई. वैभव, दुपारचं जेवण इथेच सगळ्यांचं."