वीस मिलिमीटर

माणिकप्पा मंगळवारी सकाळी वारला. पण आज त्याआधीचा शुक्रवार आहे, त्यामुळे ते अजून झालेलं नाही. आज तो सात नंबरच्या पलंगावर बसून हवा हुंगतोय.

"म्याडम, अत्तर लई गोड लावलंत. द्राक्षाचं हाय का?"

"तुमच्या पायाचा वास आहे तो," पंचशीला म्हणाली. ती प्रयोगशाळेतली, जखमेतला पू तपासायला न्यायला आली होती. कापसाचा बोळा हिरवा-निळा झाला… मोरपिसासारखा.

लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती, नीट पाऊस पडून दोन. निलंग्याकडं विहीर खोदताना माणिकप्पाच्या पायावर दगड पडला. पाणी लागलं नाही, जंतू लागले.

शनिवारी तिनं त्या पुवातले जंतू वाढवलेली काचेची ताटली पाहिली. औषधात भिजवलेल्या कागदी टिकल्या ठेवल्या होत्या. जंतू प्रत्येकीला बिलगून वाढलेले.

"एकटं कुठलंच औषध चालंना," तिनं त्याला सांगितलं. "पण दोन शेजारी ठेवली, तर कधीकधी मधले मरतात."

"शेजारी म्हंजे किती?"

"वीस मिलिमीटर."

त्यानं तिच्या स्टुलाकडं पाहिलं. "मग तुमी लई लांब बसून राहिलात…"

ती हसली नाही. स्टूल मात्र सरकलं — कुणी सरकवलं, दोघांनाही कळलं नाही.

डॉक्टर म्हणाले, "ताटलीत गुण दिसल्याशिवाय दोन्ही औषधं एकदम टोचणार नाही." नवी ताटली ओतायला, म्हणजे जंतूंचं खाद्य शिजवून तिच्यात थिजवायला, दवाखान्यात पाणी नव्हतं. टँकर रविवारी यायचा होता.

रविवारी ताप आला, टँकर नाही.

"म्याडम… निलंग्याला याल? आईला दाखवायचंय."

"काय, पाय?"

"तुमाला हो!"

"…आधी बरे व्हा. येईन."

टँकर सोमवारी दुपारी आला. तिनं ताटली ओतली, दोन टिकल्या पट्टीनं मोजून ठेवल्या. जंतू वाढायला एक रात्र घेतात. घाई त्यांना ठाऊक नसते.

मंगळवारी सकाळी दोन टिकल्यांच्या मधोमध स्वच्छ जागा होती. ताटली घेऊन ती धावली.

सात नंबरवर घडी घातलेली चादर. वॉर्डातली सरजाबाई तिसऱ्यांदा फिनाईल फिरवत होती. द्राक्षांचा वास जात नव्हता.

"बाई, ह्ये स्टूल जागचं हलंना बघा."

पंचशीलानं मोजपट्टी लावली. पलंग आणि स्टुलात वीस मिलिमीटर.

ती त्यावर बसली आणि अर्ज लिहिला:

"मा. टँकर अधिकारी यांस, विनंती अर्ज करते की, सोमवारी आलेला टँकर रविवारी आल्याची नोंद व्हावी, व पुढील सर्व घटनांत त्याप्रमाणे दुरुस्ती करून मिळावी. सोबत ताटली एक. अर्जदार सात नंबरजवळ बसून आहे."