कोंडाजीच्या ओट्यावरची दुपार

भुतं रात्री येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी वाटून घ्यावं. मी सांगतेय ते भर दुपारचं आहे. डोक्यावर ऊन, दोरीवर वाळत घातलेले कपडे, शेजारच्या घरात टीव्ही चालू. अशा वेळचं.

आणि खरं आहे. खोटं सांगून मला काय मिळणार? कोणी मेडल देणार आहे का?

गेल्या पितृपक्षातली गोष्ट. बदलापूर गाव मागे टाकून बारवी धरणाच्या रस्त्याला लागलं की आत एक पाडा आहे. नाव मुद्दाम सांगत नाही. आम्ही अजून तिथेच राहतो.

आम्ही म्हणजे मी यशोधरा, माझी आई भागीरथी आणि आमची खारी. खारी म्हणजे कुत्री. रंग अगदी बेकरीतल्या खारीसारखा, म्हणून नाव खारी. अंबरनाथला बुवापाड्यात होतो तेव्हा नाल्याच्या कडेला सापडली होती, ओंजळीत मावेल एवढी. बाटलीने दूध पाजून वाढवली मी तिला. पुढे आईचा दमा वाढला, डॉक्टर म्हणाले मोकळ्या हवेत जा, म्हणून इकडे स्वस्तात भाड्याचं घर घेतलं. मी उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये एका सिंधी सेठच्या दुकानात बिलिंगला आहे. जाण्यायेण्यात जीव जातो, पण आईचा श्वास मोकळा झाला. एवढं पुरे होतं.

आमच्या घराला लागून कोंडाजीबाबांचं घर.

म्हातारा शेतकरी माणूस. तोंडाने फटकळ, पण कुत्र्यांवर जीव. रोज दुपारी बारा वाजले की ओट्यावर उभा राहायचा आणि जर्मनच्या ताटावर पळी आपटायचा.

ठण... ठण... ठण...

की पाड्यातली सगळी कुत्री धावत सुटायची. सुकटीच्या पाण्यात कुस्करलेली भाकरी असायची. खारी तर घरचं जेवूनसुद्धा तिकडे पळायची, हावरट कुठली! बाबा मला चिडवायचे, "पोरी, तुझी कुत्री माझ्या वलनावर गेली गो."

गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात बाबा वारले. त्यांची बायको गोजरबाई मुलाकडे, सुयोगकडे, राहायला गेली. त्याचं कॅम्प चारला मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे. घराला कुलूप लागलं. ओट्यावर पाचोळा साचला.

सगळं शांत होतं. वर्षभर.

मग गौरी-गणपती गेले आणि कुत्री मरायला लागली.

पहिलं मेलं ते पोल्ट्रीच्या मागे. तोंडाला फेस, पाय ताठ. मग विहिरीपाशी एक. मग शाळेच्या वाटेवर, पोरांच्या डोळ्यांदेखत. कोणीतरी मटणाच्या तुकड्यात विष घालून टाकत होतं. पाडा म्हणे पोल्ट्रीवाला टाकतो. पोल्ट्रीवाला म्हणे पाड्यातलेच कोणीतरी आहेत, माझ्यावर आळ नको. कोण ते आजपर्यंत कळलेलं नाही. ज्याने केलं त्याचं वाटोळं होवो, दुसरं काय म्हणू?

मी खारीच्या तोंडाला बांधायची जाळी आणली. फिरायला नेताना जाळी, घरी आल्यावर अंगणात साखळी. वाटेत काही खाण्यासारखं दिसलं की पिशवीत भरून खोल पुरायचे.

आणि नेमका पितृपक्ष लागला.

आमच्यात पित्रं-बित्रं काही नसतं. घरात बुद्धांची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, सकाळ-संध्याकाळ आईची वंदना. पण पाड्यात घरोघरी पानं वाढली जातात. भात, वडे, भाजी, कोणाकडे मटणही. कावळ्याचा घास, गाईचा घास, कुत्र्याचा घास. बांधावर, वाटेच्या कडेला, कुंपणापाशी, जिकडे बघावं तिकडे पानं.

आणि विषवाल्याने तेच धरलं. तोही पानावर ठेवायला लागला.

आता ओळखायचं कसं? मी पहिल्या दिवशी पानं उचलायला गेले तर बाया अंगावर धावून आल्या. "हात लावू नको! कुनाचा तरी बापूस जेवतंय त्याच्यावर. तुला काय कलतंय गो त्यातलं?"

मी म्हटलं, "आणि माझी कुत्री मेली तर?"

"कुत्री बांधून ठेव."

ठीक आहे. बांधून ठेवली. सेठला फोन करून सांगितलं, आई आजारी आहे, थोडे दिवस येत नाही. कुत्रीसाठी रजा कोण देतं?

त्याच दिवशी दुपारी मी भांडी घासत होते. टीव्हीवर मालिका चालू होती. खारी अंगणात पपईच्या झाडाखाली झोपली होती.

आणि...

ठण... ठण... ठण...

हातातला पेला पडला माझ्या.

आई आतून बाहेर आली. आम्ही एकमेकींकडे बघितलं. आवाज शेजारून येत होता. बंद घरातून.

खारी उभी राहिली होती. कान ताठ. शेपटी हलत होती.

मी कुंपणावरून वाकून बघितलं. दाराला कुलूप तसंच, गंजलेलं. ओट्यावर चिटपाखरू नाही. पण पाड्यातली दोन-तीन मोकाट कुत्री ओट्यासमोर येऊन बसली होती... आणि वर बघत होती. माणसाच्या तोंडाकडे बघतात ना, तशी.

दुसऱ्या दिवशी परत तसंच. तिसऱ्या दिवशी अख्ख्या पाड्याने ऐकलं.

मग काय, ज्याच्या-त्याच्या तोंडी तेच. म्हातारा कुत्र्यांना न्यायला आलाय. वर एकटा पडलाय ना, त्याला सोबत पाहिजे. म्हणूनच मरतायत ती. ज्यांची ज्यांची पाळलेली कुत्री होती त्यांनी ती दावणीला बांधली. बारा वाजायच्या आत दारं लावली.

मीही लावलं. सांगते ना खरं, मीही घाबरले होते. खारीला मांडीत दाबून बसायचे. ती आधी कुंई कुंई करायची, मग अंग थरथरायचं तिचं. आई माझ्याकडे रागाने बघायची.

"आपण हे मानत नाही, यशो."

"मग तू ऐकतेयस ते काय आहे?"

आई टीव्हीचा आवाज वाढवायची.

तरी कुत्री मरतच होती. बांधलेली असूनसुद्धा.

मग कोंडाजीबाबांची तिथी आली. गोजरबाई आणि सुयोग सकाळीच आले. कुलूप उघडलं, झाडलोट झाली, चूल पेटली. मी मदतीला गेले. घरी आई होती आणि खारी साखळीला, म्हणून निश्चिंत होते. गोजरबाईला आवाजाचं सांगावं की नाही, मला कळेना. शेवटी सांगितलंच.

सुयोग हसला. "अरे यशो, तू पण क्या! उंदीर असेल. बंद घर है, भांडीबिंडी पडत असतील."

गोजरबाई मात्र हसली नाही. चुलीपुढून माझ्याकडे वळली.

"कनच्या ताटाचा आवाज येतंय?"

"तेच. बाबांचं जर्मनचं."

तिच्या हातातली पळी तशीच राहिली.

"ता ताट तं मी भंगारवाल्याला दिलंय गो पोरी. ते गेले त्याच महिन्यात."

सुयोगसुद्धा हसायचा थांबला.

पान वाढलं. ओट्याच्या कडेला ठेवलं. आम्ही बाजूला होऊन कावळ्याची वाट बघत बसलो. समोरच्या आंब्यावर कावळे होते, पण एकही खाली येईना. गोजरबाई हात जोडून पुटपुटत होती, "काय पायजे सांगा. नातवाचं बघतंव, जमीन इकत नाय. अजून काय पायजे तुमाला?"

कावळे नुसते काव काव करत होते.

मग ते एकदम गप्प झाले. सगळेच.

आणि आमच्या पाठीमागून... उघड्या घरातून... अगदी उंबऱ्यावरून...

ठण... ठण... ठण...

सुयोगने वळून बघितलं. मी नाही बघितलं. माझी मान वळेचना. त्याने काय पाहिलं ते तो आजही सांगत नाही. तेवढंच म्हणाला, "आई, चल. चल इथून."

तेवढ्यात आमच्या अंगणातून खारीचं ओरडणं ऐकू आलं.

कशी धावले मला माहीत नाही. खारी साखळी ताणून मागच्या पायांवर उभी राहिली होती. गळा आवळला जात होता, डोळे बाहेर. मी जाऊन तिला मिठी मारली. "नाही जायचं! खारी, नाही जायचं बाळा!"

आई पायरीवर उभी होती. ओरडली, "सोड तिला!"

"आई, तो नेईल तिला!"

"अगं, जन्मभर ज्याने भाकरी घातली तो मेल्यावर जीव घेईल? सोड म्हणते ना!"

मी नाही सोडलं. खारीनेच मान मागे ओढून पट्टा काढून टाकला आणि कुंपणाच्या भगदाडातून पळाली.

मी तिथेच खाली बसले, पपईच्या झाडापाशी.

आणि मला ते दिसलं.

झाडाच्या बुंध्याशी, खारीच्या साखळीच्या टप्प्यात, एक पान होतं. भात आणि मटणाचे तुकडे. कुंपणावरून हात घालून अलगद ठेवलेलं. सकाळी नव्हतं. तुकड्याला मुंग्या लागल्या होत्या... सगळ्या मेलेल्या.

आमच्या घरात पान वाढतच नाहीत.

तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आवाज सुरू झाल्यापासून मेली ती सगळी बांधलेली कुत्री होती. हाक ऐकून जी ओट्याकडे धावली, त्यातलं एकही मेलं नव्हतं. म्हातारा न्यायला आला नव्हता. विषापासून लांब बोलवत होता. आणि आम्ही शहाण्यांनी दारं लावून घेतली होती!

मी परत ओट्याकडे गेले. कुत्री रांगेत बसली होती, एकमेकांवर न गुरगुरता. मधोमध माझी खारी. मग एकेक करून त्यांनी माना खाली घातल्या आणि फरशी चाटायला लागली. चपचप आवाज येत होता. फरशीवर काही नव्हतं. पण सुकटीचा वास... एवढा दाट वास की मला मळमळलं.

गोजरबाई डोक्यावरून पदर घेऊन रडत होती. कावळा शेवटपर्यंत शिवला नाही.

"जायाचंच नाय त्यांना," ती म्हणाली.

मायलेक उजेडातच कुलूप लावून निघून गेले. तेव्हापासून आलेले नाहीत.

विष टाकणं पुढे बंद झालं. का, कसं, कोणाला माहीत नाही. पाडा म्हणतो, चला, सुटलो. कुत्री वाचली. खारी वाचली. इथे गोष्ट संपली असती तर मी एवढं लिहायला बसलेच नसते.

त्या दिवसापासून खारी घरचं खात नाही.

भात नाही, चिकन नाही, दूध नाही. वाटी समोर ठेवली की वास घेते आणि तोंड फिरवते. दुपारी मात्र जाते. मी तिला मुद्दाम तोंडाला जाळी बांधून सोडून बघितलं. तासाभराने आली. जाळी बांधलेली तशीच, बक्कल लावलेलं. सोडली तर आतून भाकरीचा चुरा पडला.

डॉक्टरकडे नेली बदलापूरला. त्यांनी वजन केलं आणि म्हणाले, "छान भरलीय. काय खायला घालता?"

काय सांगू त्यांना? आई म्हणाली, "शेजारी घालतात."

तिला घेऊन बुवापाड्याला मामाकडेही राहून बघितलं. तिथे तिने पाण्याशिवाय काही घेतलं नाही. दाराकडे तोंड करून पडून राहिली. फासळ्या दिसायला लागल्या, तेव्हा आई म्हणाली, चल परत. रिक्षा पाड्याच्या वळणावर आली तशी खारी उठून बसली.

आता आम्ही इथून हलू शकत नाही. घरमालक विचारतो, पुढच्या वर्षी राहणार का? मी हो म्हणते.

मला त्या म्हाताऱ्याची भीती नाही वाटत. त्याचे उपकारच आहेत माझ्यावर. पण रात्री ती माझ्या पायाशी झोपते तेव्हा मी तिच्या अंगावर हात ठेवते आणि मनात येतं, ही अजून माझी आहे का? बाटलीने दूध पाजलं होतं हो मी. आता माझ्या हातचा एक घास घेत नाही.

आज सुट्टी आहे. बारा वाजत आलेत. सकाळपासून मी तिच्यासाठी मटण शिजवलं, निवत ठेवलंय. मघाशी हाक मारली, "खारी, ये बाळा."

ती आली नाही. दाराशी उभी आहे. शेपटी हलतेय तिची... बाहेर कोणाकडे तरी बघून.