केळी पिकेनात

पटलं तर घ्या, नाहीतर सोडा. वाद घालायचं त्राण माझ्यात आता उरलेलं नाही.

पण हे माझ्या सख्ख्या आत्याच्या बाबतीत घडलंय. दक्षिण रवांडात, आमच्याच टेकडीवर, गेल्या कोरड्या दिवसांत.

आणि रात्री नाही... भर दुपारी.

आत्याचं नाव मुकान्दोरी. तिचा नवरा कायिरांगा आणि शेजारचा सेबुहोरो, दोघांचे आजे एकत्र गुरं चारायचे. मग बेल्जियमच्या गोऱ्या साहेबाने ओळखपत्रं वाटली. कायिरांगाच्या आजाच्या कार्डावर तुत्सी, सेबुहोरोच्या आजाच्या हुतू. बोली एक, देव एक, दारूचा माठ एक. कार्डं तेवढी वेगळी. पुढे चौऱ्याण्णवच्या कत्तलीत तीच कार्डं बघून तुत्सींना मारलं.

कायिरांगाला ओढून नेणाऱ्यांत सेबुहोरो होता. गावकोर्टात त्याने कबूल केलं. पण प्रेत कुठाय विचारलं, की एकच उत्तर.

"दलदलीत टाकलं. नक्की जागा आठवत नाही."

तो तुरुंगातून सुटून आला, तेव्हा पाद्री आत्याच्या मागेच लागले. सेबुहोरो केळ्याची दारू करेल, दोघांनी एका माठातून प्यायची, की झाला समेट.

आत्या म्हणाली, "पिते बाबा. निदान तुमचे हेलपाटे तरी थांबतील."

तिला खरं तर हाडं हवी होती. नवऱ्याला माती द्यायची होती, बाकी काही नको होतं.

दारूची केळी आमच्याकडे खड्ड्यात पिकवतात. पानं अंथरायची, हिरवे घड रचायचे, वर माती, बाजूने धूर. चार दिवसांत गोड वास सुटतो, माश्या घोंगावतात.

सेबुहोरोने मळ्यात खड्डा केला. केळी हिरवीच निघाली.

दुसऱ्या जागी केला. तीच गत.

तिसऱ्यांदाही तेच झालं, तेव्हा तो आत्याच्या दारात आला.

"वहिनी, तिन्ही खड्डे आतून गारच राहिले. तुमच्या हाताला यश आहे. जरा बघता का?"

"वहिनी कुणाची रे? ज्याच्यामुळे वहिनी म्हणतोस, तो कुठाय ते सांग आधी!"

तो दारातून हलेना. आत्या वैतागली, पण गेली.

मळ्यात ऊन मी म्हणत होतं.

खड्ड्यावर एक माशी नव्हती...

पाखरू नव्हतं...

आत्याने माती सारून हात आत घातला. बाजूला जाळ होता, आणि आत... बर्फ.

तिने कान लावला.

आतून खोकला आला.

चिलीम ओढणाऱ्याचा, दोनदा ठसका आणि मग दम खाणं. पंधरा वर्षं उशाशी ऐकलेला खोकला.

"सेबुहोरो, ही जागा का निवडलीस?"

"माती भुसभुशीत होती, वहिनी. खोदायला सोपी."

"भुसभुशीत का आहे रे?"

तो मटकन खाली बसला.

"मी दलदलीचं खोटं सांगितलं," तो शेवटी म्हणाला. "इथेच मळ्यात पुरलं होतं. मी तुरुंगात असताना बायकोने मळा नव्याने लावला, खुणा गेल्या. मला वाटलं, कुंपणापाशी आहे. तेवढी जागा मी टाळत होतो..."

त्याच दुपारी गाव जमलं. खड्ड्याखाली कंबरभर खोल कायिरांगा सापडला. कमरेचा पट्टा आत्याने स्वतः शिवलेला होता. त्याला रीतसर पुरलं. आत्या तेव्हा पहिल्यांदा मोठ्याने रडली.

पाद्री खूश. "आता दारू झाली की समेट!"

आत्याने सेबुहोरोकडे बघितलं. "थंड तर तिन्ही खड्डे होते. पहिल्या दोन्हींत कोण आहे?"

"आईशप्पथ, वहिनी, मला ठाऊक नाही."

खरं बोलतो की खोटं, देव जाणे. गावातही कुणी तोंड उघडत नाही. म्हणतात, जुनं उकरून काय मिळणार?

आता रोज दुपारी तो ते दोन खड्डे खोदतो आणि आत्या बांधावर बसून राहते. दोघंही म्हातारी, दोघंही दमलेली. कंबरभर खाली गेले, काही लागलं नाही. माती मात्र अजून गारच आहे.

मी एकदाच डबा द्यायला गेलो होतो. दुसऱ्या खड्ड्यातून आवाज येत होता... कुणीतरी बाळाला थोपटत होतं, हळूहळू. मी डबा तिथेच टाकून पळालो. अजून त्या वाटेने जात नाही.

परवा आत्याला विचारलं, "त्याला माफ केलंस का गं?"

"आधी खोदून तर होऊ दे," ती म्हणाली.